अठ्ठावीस हजार व्होल्टचं एक मिनिट

जाड चादरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं वन्संच्या हातात, आणि मध्ये पिळून पिळून दोरखंड झालेला. पाणी अजून निथळत होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी आपलं टोक काखेत दाबलं, ओल्या हातानंच फोन कानाला लावला. "हो साहेब. हो. आजच? बरं, निघालेच." एवढंच बोलल्या आणि टोक सोडून दिलं. सगळा पीळ गर्रकन उलटा फिरला आणि पाणी माझ्या तोंडावर.

"वन्सं!"

"वहिनी, उरलेली तू पीळ बाई. परीक्षा आजच आली."

"अहो, सोमवारी होती ना?"

"साहेबांना सोमवारपर्यंत धीर कुठला! आज चार वाजता त्या कंत्राटदाराला हो की नाही ते कळवायचंय म्हणे." पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरूनही गेल्या. डबा ओट्यावर तसाच.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. वीज कंपनीच्या दुरुस्ती कारखान्यात फिटर आहेत, एकतीस वर्षं. तिथं त्यांना सगळे फिटरबाई म्हणतात. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, "वेळ मिळाला नाही," आणि विचारणाऱ्याच्या घरातला मिक्सर कसा चाललाय ते विचारतात. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात घरातली इस्त्री जळाली. सासरे म्हणाले, टाकून द्या. वन्संनी ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून उघडली, आतली जळकी तार दाखवून मला म्हणाल्या, "हे बघ वहिनी, इस्त्री मेलेली नाही, नुसतं हिचं आतलं पांघरूण फाटलंय." ती इस्त्री पुढं नऊ वर्षं चालली. मला वाटतं त्यांचा सगळा जन्म त्या एका वाक्यात आहे. वीज वाहून नेणारं तांबं सहसा मरत नाही. मरतं ते त्याच्यावरचं पांघरूण.

कारखान्यात लागल्या तेव्हा पहिलं वर्ष त्यांना झाडू आणि चहाची किटली एवढंच मिळालं. मग एका म्हाताऱ्या फिटरनं त्यांना तारेच्या गुंडाळ्यांवर सुती पट्टी लपेटायला बसवलं, कारण बाकीच्यांना त्याचा कंटाळा. वन्संना नाही आला. सहा महिन्यांनी म्हाताऱ्यानं त्यांची पट्टी नखानं उचकटून पाहिली, उचकटेना. तेव्हा त्यानं आपल्या शेजारचा टेबल त्यांना दिला. तोच टेबल अजून त्यांचा आहे. आणि आज चार वाजता प्रश्न होता तो त्या टेबलाचाच.

झालं होतं असं. गावाला पाणी चढवणारे जे पंप आहेत, त्यांच्या विजेवर सहा मोठे ब्रेकर आहेत. काही बिघडलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडणारी ही लोखंडी पेटी, कपाटाएवढी, चाकांवर बसवलेली. तिच्यातून सहा तांब्याचे दांडे बाहेर येतात. दांड्यात अकरा हजार व्होल्ट, आणि पेटी जमिनीला जोडलेली. दोघांची गाठ पडली की स्फोटच. ती पडू नये म्हणून दांड्याभोवती जे जाडजूड आवरण असतं, त्याला म्हणायचं बुशिंग. मी माझ्यापुरतं समजून घेतलंय की गरम भांडं उतरवताना आपण फडकं धरतो ना, तसंच ते फडकं. फडकं ओलं झालं की हात भाजतो. इथंही तेच.

ही जुनी बुशिंगं कागदाच्या थरांची, वर तपकिरी चकाकी. चाळीस वर्षांत कागदानं हवेतला दमटपणा प्यायला, डब्याचं झाकण उघडं राहिलं की बिस्किटं मऊ पडतात तसा. गेल्या दमट हंगामात एक बुशिंग फुटलं आणि दोन दिवस गावाला पाणी नव्हतं. आम्ही आंघोळीला ओला रुमाल अंगावरून फिरवत होतो आणि शेजारपाजारचे वन्संना जिन्यात गाठून विचारत होते, "काय फिटरबाई, तुमची वीज आजारी का?" त्या मान खाली घालून वर येत. त्यांना ते लागलं होतं.

कारखान्यात अशा बुशिंगांवर एकच इलाज ठरलेला होता. भट्टीवाले ती दोन दिवस भट्टीत वाळवणार, वर दोन हात व्हार्निश मारणार, परत बसवणार. आवरण विजेला किती अडवतं ते मेगर नावाच्या यंत्रानं मोजलं की आकडा झकास येतो. वन्संचं म्हणणं होतं की आकडा सहा महिने झकास येतो, सातव्या महिन्यात परत गळपटतो. "म्हाताऱ्याला पावडर लावून नवरदेव करताय तुम्ही," असं त्या भट्टीवाल्यांना तोंडावर म्हणाल्या. ते गृहस्थ त्यांच्याच वयाचे, मिशीला व्हार्निशचा वास. म्हणाले, "फिटरबाई, आमच्या पोटावर पाय देता का?" त्या म्हणाल्या, "पोटावर नाही, मिशीवर." पण नवं बुशिंग आणायचं कुठून? ज्या कारखान्यानं हे ब्रेकर बनवले तो कधीच बंद पडलेला. साहेबांनी, म्हणजे आमच्या वन्संपेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या अभियंत्यांनी, सांगितलं की सहाच्या सहा ब्रेकर भंगारात काढू आणि काम बाहेरच्या कंत्राटदाराला देऊ. मग दुरुस्तीचा टेबल ठेवायचं कारण नाही. फिटरबाईंनी तक्रार खिडकीवर बसून फोन घ्यावेत.

वन्सं भर बैठकीत उठून म्हणाल्या, "एक ब्रेकर मला द्या. नवी बुशिंगं मी घडवून आणते. परीक्षेत उतरली नाहीत तर उद्यापासून खिडकीवर बसते, चकार शब्द काढणार नाही."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आमचे हे ताट सोडून उठले. "अगं, शब्द दिलास? कोणाच्या भरवशावर?"

"माझ्या, दादा."

मी देवापुढे बसले ती बराच वेळ उठले नाही. वन्संनी मागून येऊन विचारलं, "काय मागतेस एवढं?"

"तुमची लाज राख म्हणते."

"लाज माझी मी राखते. त्याला म्हणावं, ओतकामात बुडबुडा येऊ देऊ नकोस. तेवढं त्याच्या हातात आहे." देवाशी असं परखड बोललेलं मला आवडत नाही, पण मागताना मी बुडबुड्याचं नाव घेतलं हे खरं.

ओतकामवाला म्हणजे गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राळेच्या वस्तू ओतणारा माणूस. साच्यात तांब्याचा दांडा उभा करायचा, भोवती इपॉक्सी नावाची राळ ओतायची, आणि ती सावकाश घट्ट होऊ द्यायची. घाई केली की आत हवा अडकते. बाहेरून दिसत नाही, पण वीज बरोबर तीच जागा शोधून आतून कुरतडते. त्यानं आठ बुशिंगं ओतली, फिकट राखाडी, गुळगुळीत. त्या दिवशी मी वन्संबरोबर गेले होते. त्यांनी आठही बुशिंगं बोटांनी चाचपली, त्यातलं सगळ्यात देखणं उचललं, शिकंज्यात धरलं आणि करवत लावली.

ओतकामवाला ओरडला, "अहो बाई, चांगलं आहे ते!"

"म्हणून तर कापतेय. वाईट कापून काय कळणार?"

अर्धा तास कापत होत्या. दोन तुकडे झाले तेव्हा त्यांनी ते उजेडात धरून भिंग लावलं. पोटात सुईच्या टोकाएवढाही बुडबुडा नव्हता. ओतकामवाल्यानं घाम पुसला आणि मग स्वतःच दोन्ही तुकडे कडेवर घेऊन शेजारच्या दुकानात दाखवायला गेला. राहिली सात. सहा बसवायची, एक हाताशी.

तर आज चादर एकटीनंच कशीबशी पिळून वाळत घातली आणि डबा घेऊन कारखान्यात गेले. पहारेकरी ओळखीचा. म्हणाला, "जाळीच्या अलीकडेच उभ्या राहा, वहिनी." आत उंच छताची लांबलचक खोली, जमिनीवर तेलाचे जुने डाग, आणि मधोमध जाळीच्या पिंजऱ्यात तो ब्रेकर, सहा राखाडी शिंगं पुढं काढून उभा. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि हातानं "थांब" केलं.

परीक्षा साधी आहे. अकरा हजारांवर काम करायचं, म्हणून अठ्ठावीस हजार लावायचे आणि एक मिनिट थांबायचं. टिकलं तर पास. साहेब यंत्राच्या चाकाशी बसले, भट्टीवाले दाराशी हाताची घडी घालून. सकाळी मेगर लावून झालं होतं, आकडा उत्तम. साहेबांनी चाक फिरवायला घेतलं. दहा हजार. पंधरा. वीस. कुठंतरी चिरचिर ऐकू यायला लागली, गरम तेलात पाण्याचा थेंब पडावा तशी. बावीसला फाडकन आवाज झाला, जांभळी ठिणगी उडाली आणि यंत्र आपोआप बंद पडलं. माझ्या हातातला डबा खाली पडला. त्याचा आवाज जास्त झाला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पावणेदोन.

"ओतकामात दोष आहे, बाई," ते हळूच म्हणाले. वाईट माणूस नाही तो. "गावठी माल आहे. मी तसं लिहून टाकतो, तुमच्यावर काही येणार नाही."

वन्सं उभ्याच होत्या. मी त्यांचा चेहरा तीस वर्षं पाहतेय. रडायला आलं की त्या नाक ओढत नाहीत, बाही वर करतात. तशा त्यांनी दोन्ही बाह्या वर केल्या. जमिनीला जोडलेल्या तारेचा लांब दांडा घेऊन आधी ब्रेकरची सहाही टोकं शिवली, म्हणजे आत उरलेली वीज निघून जावी. मग ठिणगी उडाली होती त्या तिसऱ्या बुशिंगाजवळ जाऊन वाकल्या. "मला एकदा अंधार करून द्या," म्हणाल्या.

"कशाला?"

"बघायचंय कुठून जाते ते. पूर्ण नको साहेब, फक्त अठरापर्यंत न्या."

साहेबांनी खांदे उडवले. खिडक्यांच्या झडपा लावायला कोण जाणार? भट्टीवाले गेले. एकेक झडप ओढून घेतली, भर दुपारी खोलीत मिट्ट काळोख. आम्ही सगळे जाळीबाहेर. चाक फिरलं. चिरचिर सुरू झाली आणि तिसऱ्या बुशिंगाच्या अंगावर निळसर उजेडाची बारीक रेघ उमटली. पेटीकडच्या कडेपासून निघालेली आणि टोकाच्या चार बोटं अलीकडे थांबलेली. तिथून पुढं ठिणग्या टोकाकडे उड्या मारत होत्या.

"पुरे," वन्सं म्हणाल्या. "उघडा झडपा."

उजेड आला. त्या साहेबांना म्हणाल्या, "साहेब, वीज आपल्या आपण चालली तर झाडाच्या फांद्यांसारखी फुटत जाते. ही रेघ सरळ होती. पट्टीनं मारल्यासारखी."

"मग?"

"सरळ रेघ माणूस मारतो."

त्या जाळीच्या आत गेल्या, दांडा परत सगळीकडे लावला, चष्मा कपाळावर सरकवून बुशिंगाला नाक लावलं आणि तशाच ओणव्या राहिल्या. मला वाटलं कमरेत उसण भरली. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"माझी चूक आहे," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, दाराशी उभ्या भट्टीवाल्यांनाही ऐकू जाईल अशा. "ओतकामवाल्याचं काही लिहू नका. ही रेघ मी मारलीय. पेन्सिलीनं."

आता यातली गोम सांगते. हा ब्रेकर चाकांवरून कपाटात ढकलला की सहाही टोकं एकदम समोरच्या खाचांत शिरावी लागतात. एखादं बुशिंग जरा तिरकं बसलं तर गाडी अडते. म्हणून फिटर बसवण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर उभी रेघ मारतो आणि ओळंब्याशी जुळवतो. जुनी बुशिंगं तपकिरी, त्यांवर पांढरा खडू छान दिसायचा. खडूला विजेचं काही घेणं नाही. नवी बुशिंगं फिकट, त्यांवर खडू दिसेना. तेव्हा वन्संनी कानावरची पेन्सिल काढली आणि सहाही रेघा मारल्या, सुबक, एकसारख्या. आणि पेन्सिलीचं शिसं विजेला वाट देतं! रेघ टोकाला टेकली नव्हती म्हणून सकाळच्या मेगरला ती सापडली नाही. पण बावीस हजारांना ती बरोबर सापडली, आधी तिसऱ्या बुशिंगावरची. जो माणूस तीस वर्षं व्यवस्थित काम करत आला, त्याच्याच हातून ही चूक व्हावी. गबाळ्याच्या हातून कधी झाली नसती.

मला राहून राहून वाटलं ते हे की, त्या गप्प राहू शकल्या असत्या. फडकं फिरवलं असतं, रेघ गेली असती, दोष ओतकामवाल्यावर ढकलला गेला असता, आणि "दुसऱ्यांदा बघू" म्हणून परीक्षाही झाली असती. साहेब कागद घेऊन तयारच होते.

साहेबांनी कागद बाजूला ठेवला. "एकतीस वर्षांच्या नोकरीत पेन्सिल?"

"हो ना. तुमचीच असती तर मी तुम्हाला खिडकीवर बसवलं असतं. मला मात्र चार वाजेपर्यंत वेळ द्या."

भट्टीवाले दारातून हलले. मला वाटलं आता हा टोमणा मारणार. मारलाच. "फिटरबाई, म्हाताऱ्याला पावडर आम्ही लावतो, पण नवरीला काजळ लावून जाळायची कल्पना नव्हती हो आमच्याकडे." आणि मग कोपऱ्यातून स्पिरिटची बाटली आणि दोरे न सुटणारं कापड आणून त्यांच्या हातात दिलं. "तुम्ही बोल्ट सोडा. पाच मी पुसतो. बोटं लावणार नाही, हातमोजे आहेत."

तिसऱ्या बुशिंगावर जळका ओरखडा उठला होता, ते बादच. हाताशी ठेवलेलं सातवं काढलं. यावेळी रेघ मारली नाही. त्याच्या अंगावर चिकट कापडी पट्टी उभी लावली, ओळंब्याशी जुळवली, बोल्ट आवळले आणि पट्टी काढून घेतली. काम चाललं होतं तसतसे इतर टेबलांवरचे लोक येऊन जाळीला टेकले. कोणी डबा उचलून माझ्या हातात दिला. त्याला पोचा आला होता. तीन वाजून वीस मिनिटांनी वन्सं जाळीबाहेर आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, लावा."

दहा. पंधरा. वीस. कान टवकारून ऐकलं, चिरचिर नाही. बावीस. पंचवीस. अठ्ठावीस. साहेबांनी चाक सोडलं आणि घड्याळावर नजर लावली.

माझी रोजची सकाळची प्रार्थना न अडखळता म्हटली तर बरोबर एक मिनिटाची होते. मी ती सुरू केली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. अर्ध्यावर आले तेव्हा कुठंतरी बारीक गुणगुण आली आणि मी डबा छातीशी धरला. माशीच होती. वन्सं हलल्या नाहीत. त्या ब्रेकरकडे पाहत नव्हत्या, डोळे मिटून ऐकत होत्या. मी शेवटच्या ओळीला आले, ती ओळ मी मुद्दाम सावकाश म्हटली, आणि ती संपली तरी साहेब काही बोलेनात. मी परत पहिल्यापासून सुरू केली.

"साठ," साहेब म्हणाले. मग उगाच परत म्हणाले, "साठ सेकंद! टिकलं!"

काय आरडाओरडा झाला! कोणी पान्यानं टेबल बडवलं, कोणी शिट्टी मारली. भट्टीवाले मोठमोठ्यानं "फिटरबाई! फिटरबाई!" ओरडत होते, जसं काही बुशिंगं त्यांनीच ओतली. वन्संनी मात्र आधी दांडा घेऊन सहाही टोकं जमिनीला लावली, मेगरनं परत मोजलं, आकडा सकाळचाच. मग साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"खिडकी?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी फोन उचलून आमच्या देखत कंत्राटदाराला सांगितलं की सहाही ब्रेकर इथंच दुरुस्त होणार, तुमची गरज नाही. फोन ठेवला आणि टेबलाकडे हात करून म्हणाले, "ती जागा तुमची. फक्त पेन्सिल माझ्याकडे द्या." वन्संनी कानावरची पेन्सिल काढून त्यांच्या हातावर ठेवली. दोघंही हसले.

पाचला ब्रेकर गाडीवर चढवून पंपघरात नेला. मीही गेले, कोणी अडवलं नाही. वन्संनी खांदा लावून तो कपाटात ढकलला आणि सहाही टोकं एका दमात खाचांत शिरली, खट् असा एकच आवाज. पंप घरघरला. पंपवाल्यानं मोठ्या नळाची चावी फिरवली तेव्हा पाणी असं काही उसळून आलं की त्याचीच टोपी वाहून गेली. वन्सं त्या पाण्याखाली हात धरून उभ्या होत्या, कोपरापर्यंत भिजलेल्या, आणि हसत होत्या. मी देवाचे आभार मानले. वन्संनी ऐकलं. म्हणाल्या, "माझ्याकडूनही सांग. बुडबुडा खरंच नव्हता."

घरी येताना जिन्यात शेजारीण भेटली. म्हणाली, "पाण्याला आज जोर आहे हो!" वन्सं म्हणाल्या, "असायलाच हवा," आणि दोन दोन पायऱ्या टाकत वर आल्या. ह्यांनी दार उघडलं, बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता तिचं ताट वाढायला गेले. इतक्या वर्षांत ह्यांनी ताट वाढलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

अजून पाच ब्रेकर राहिलेत. उद्या सकाळी वन्सं गावाबाहेर ओतकामवाल्याकडे जाणार आहेत, आणखी तीस बुशिंगं सांगायला, आणि वर एक, कापून बघायला.